पुठ्ठ्याचा दिवस

आमच्या धंद्याला मराठीत सरळ नाव नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही करता काय?" की मी "इंजिनिअर" म्हणायचो आणि सुनंदा "चित्रं काढते" म्हणायची. दोन्ही अर्धवट खरं होतं. फवारणीचा पंप, पाण्याचा फिल्टर, दवाखान्यातली खाट अशी कोणतीही वस्तू कारखान्यात तयार होण्याआधी कुणीतरी तिचा आकार ठरवतं. मग तो आकार टिकेल का, साच्यातून सुटेल का, हे आणखी कुणीतरी पाहतं. पहिलं काम माझ्या बायकोचं, दुसरं माझं. गंगापूर रोडला आमच्या फ्लॅटच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे ऑफिस. गिऱ्हाइकं बहुतेक अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली, लहान कारखानदार.

सुनंदा गेली त्यानंतरची ही दुसरी दिवाळी. या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी "कामाविषयी लिहा" म्हटलं तेव्हा मी हो म्हणालो, आणि नंतर बरेच दिवस कोऱ्या कागदाभोवती येरझाऱ्या घातल्या. काम आठवायला बसलं की ती आठवते. आणि काम मात्र आता तिच्याशिवाय चालतं. बरं चालतं. मला स्वस्थ बसू न देणारी गोष्ट तीच आहे.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांनी घरातली प्लास्टिकची बादली उलटी करून पाहावी. ती बुडाशी निमुळती असते. तशी नसती तर साच्यातून बाहेरच आली नसती. सुनंदा चित्रकलेच्या कॉलेजातून आलेली. तिने आमच्यासाठी काढलेला पहिला डबा चारी बाजूंनी ताठ, काटकोनात उभा. दिसायला देखणा होता. मी म्हटलं, "हा साच्यात अडकून बसेल."

"मग साचा सुधारा," ती म्हणाली.

पुढची कित्येक वर्षं आम्ही हेच बोलत राहिलो, फक्त डब्याच्या जागी वेगवेगळ्या वस्तू आल्या. ती हळूहळू लोखंड शिकली, मी हळूहळू बघायला शिकलो. सिन्नरकडच्या एका गिऱ्हाइकाला पाण्याच्या फिल्टरवर देवळासारखं शिखर हवं होतं. "पाणी म्हणजे देवच ना, मॅडम?" असं त्यांचं म्हणणं. मी शिखराच्या जाडीचा हिशेब करायला घेतला होता. सुनंदाने शांतपणे विचारलं, "मग लोकांनी पाणी पिताना चपला कुठे काढायच्या?" ते गृहस्थ जरा वेळ विचारात पडले आणि शिखर गेलं. असले प्रश्न मला सुचायचे नाहीत. मला हिशेब सुचायचे.

तिने ऑफिसात एक रीत घातली होती. ड्रॉइंग पूर्ण झालं की गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी ती वस्तू पुठ्ठ्याची, खऱ्या मापाची बनवायची आणि एक अख्खा दिवस वापरायची. त्या दिवशी वस्तूविषयी बोलायचं नाही, चर्चा नाही, कौतुक नाही. फक्त वापरायची. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. याला आम्ही पुठ्ठ्याचा दिवस म्हणायचो. द्राक्षबागेतल्या फवारणीसाठी पाठीवरची टाकी केली तेव्हा सुनंदा पुठ्ठ्याची टाकी पाठीला बांधून दिवसभर वावरली. तशीच पोळ्या लाटल्या, तशीच जाऊन सिलिंडरवाल्याला दार उघडलं. तो बिचारा पैसे न मोजताच गेला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, खाली वाकलं की टाकीची कड अंबाड्यात घुसते." माझ्या सगळ्या आकडेमोडीत मान होती, खांदे होते, पाठीचा कोन होता. अंबाडा नव्हता.

तेजल आहेर आमच्याकडे आली ती सुनंदाच्या आजारपणाच्या थोडं आधी. मूळची सटाण्याकडची, फोनवर आईशी अहिराणीत बोलणारी. आधी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, मग डिझाइनचा कोर्स. आम्ही दोघं मिळून जे काम करायचो ते ती एकटी करू पाहत होती. सुनंदा मला म्हणायची, "या पोरीत आपण दोघंही आहोत. फक्त भांडण तिला मनातल्या मनात करावं लागतं."

एआय ऑफिसात आणलं ते तेजलनेच. सुनंदा गेल्यावर मी चित्राची कामं नाकारत होतो, नुसते हिशेब करून देत होतो. एकदा तिने माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला. "सर, काय हवंय ते साध्या मराठीत लिहा." मी लिहिलं, स्वयंपाकघरातली शिडी, दोन पायऱ्यांची, म्हाताऱ्या माणसासाठी. चहा निवायच्या आत समोर डझनभर शिड्या उभ्या. एक तर अशी होती की सुनंदाने पाहिली असती तर हेव्याने दुसऱ्या खोलीत निघून गेली असती.

चित्रं वाईट असती तर किती बरं झालं असतं. मी कुत्सितपणे हसलो असतो आणि जुन्या माणसाच्या समाधानाने निवृत्त झालो असतो. ती चांगली होती. आता तर तेच यंत्र माझंही काम करू लागलंय. कुठे किती जाडी, कुठे ताण येईल, कुठलं लोखंड उगाच आहे, सगळं सांगतं. मी दिवसातून दहादा ते उघडायचो, काहीतरी विचारायचो, बंद करायचो. फिरून यायचो, परत उघडायचो. एक गोष्ट मला खुपत होती, पण ती काय हे सांगता येत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी कळलं. मी "जाडी वाढव" म्हटलं की ते वाढवायचं, वर माझी सूचना उत्तम असल्याचंही सांगायचं. "का?" असं त्याने कधी विचारलं नाही.

अशात भास्करशेठ बोडके आले. अंबडला त्यांचा दवाखान्याच्या फर्निचरचा कारखाना. आमचं जुनं गिऱ्हाईक आणि माणूस चांगला. सुनंदा दवाखान्यात होती तेव्हा त्यांच्या घरून डबा यायचा, आणि तो आम्ही मागितलेला नव्हता. त्यांना खाटेच्या बाजूची नवी रेलिंग करायची होती. म्हणजे पेशंट पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना असतो तो कठडा. नर्सने खटका ओढला की खाली जायला हवा. पण रेलिंग हे निमित्त होतं.

"दाणीसाहेब, सरळच बोलतो," ते म्हणाले. "माझ्या पुतण्याने ते एआय बसवलंय कारखान्यात. चित्र तेच काढतं, हिशेब तेच करतं. मोठे दवाखाने विचारतात, याला जबाबदार कोण? तिथं मला अनुभवी माणसाची सही पाहिजे. तुम्ही या. महिन्याचं महिन्याला बांधून घेऊ. हे ऑफिस कशाला सांभाळत बसता?"

"आणि तेजल?"

"पोरगी हुशार आहे, कुठंही लागेल. पण साहेब, चित्र काढायला माणूस ठेवायचा जमाना गेला. वाईट वाटून घेऊ नका. वहिनी असत्या तर त्यांना मी असं बोललो असतो का?"

"तिने तुम्हाला बोलू दिलं असतं का, ते सांगा."

ते हसले. "दसऱ्यापर्यंत सांगा. घाई नाही. पण दसऱ्यापर्यंत सांगा."

तेजल आतल्या खोलीत होती. दार उघडंच होतं. तिने सगळं ऐकलं असणार. संध्याकाळी निघताना ती एवढंच म्हणाली, "सर, रेलिंगचं काम आपणच करून देणार ना?" मी हो म्हणालो. सही द्यायची की नाही हे मात्र ठरत नव्हतं. गेलो असतो तर आम्ही दोघांनी उभं केलेलं ऑफिस बंद, आणि सुनंदाने निवडलेली मुलगी घरी. नाही म्हटलं असतं तर काय, हेही दिसत होतं. एक एक गिऱ्हाईक यंत्राकडे जाणार आणि मी रिकाम्या खोलीला तत्त्वं ऐकवत बसणार.

रेलिंग आम्ही एआयकडूनच करवली. मला आता लपवायचं नाही, ती सुरेख झाली. जुनी रेलिंग जड, सरळ खाली घसरणारी, खडखडाट करणारी. नवी एका हाताने सुटायची, किंचित बाहेर झुकत, गोलाईने खाली उतरायची. वजन कितीतरी कमी. पेशंटची बोटं कुठे सापडू नयेत म्हणून आतल्या बाजूच्या सगळ्या फटी मोजून ठेवलेल्या. मी हिशेब तपासले. चूक नव्हती. भास्करशेठना चित्र इतकं आवडलं की लगेच साचे बनवायला टाकायचं म्हणाले.

"पुठ्ठ्याचा दिवस राहिलाय," तेजल म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, यंत्राने सगळ्या हालचाली तपासल्यात. हजार वेळा वर-खाली करून पाहिलंय." सुनंदा गेल्यापासून आम्ही पुठ्ठ्याला हात लावला नव्हता. तेजलला ते ठाऊक होतं. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी द्वारका चौकातल्या एका दुकानातून फ्रिजची दोन रिकामी खोकी स्कूटरला बांधून घेऊन आली. एवढ्या गर्दीतून ती कशी आली ते विचारू नये. दुपारपर्यंत तिने मीटिंगच्या टेबलाला दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याची रेलिंग जोडली. सांध्यांना बोल्ट लावले, खटक्याला दोरी.

"मी पेशंट," असं म्हणून ती टेबलावर चढून आडवी झाली. "सर, तुम्ही नातेवाईक."

मी काय करावं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्टूल ओढून बसणं सगळ्यात सोपं होतं. पण मी आतून चटई आणली, टेबलाच्या कडेला जमिनीवर टाकली आणि आडवा झालो. आपल्याकडच्या दवाखान्यात जो कुणी पेशंटसोबत राहिला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. सोबतीला आलेल्या माणसाची जागा खाटेशेजारच्या फरशीवर असते. सुनंदाच्या शेवटच्या आजारात मी कितीतरी रात्री तिथेच काढल्या होत्या.

"सर, पाणी," वरून आवाज आला.

माझे गुडघे आता साथ देत नाहीत. उठताना मला काहीतरी धरावं लागतं. माझा हात आपोआप वर गेला आणि रेलिंगचा खालचा, बाहेरचा कोपरा त्याने पकडला. दवाखान्यातही मी रोज तोच कोपरा धरून उठायचो. त्याच क्षणी तेजलने नर्सच्या ऐवजी स्वतःच दोरी ओढली. रेलिंग आपल्या त्या देखण्या गोलाईने बाहेर झुकली, खाली आली, आणि त्या कोपऱ्यातल्या दोन पट्ट्या कात्रीसारख्या माझ्या चार बोटांवर मिटल्या.

पुठ्ठा होता. चुरगळला. मी बोटं तशीच राहू दिली. तेजल टेबलावरून वाकून पाहत होती. पुठ्ठ्याच्या दिवशी बोलायचं नसतं, म्हणून दोघंही बोललो नाही. मी उठलो, तिला पाणी दिलं, ती ते प्यायली.

त्या रेलिंगचा हिशेब मी ओळ न् ओळ तपासला होता. आत झोपलेल्या माणसाच्या बोटांची काळजी यंत्राने घेतली होती. बाहेर, खाली कुणी झोपलेलं असेल, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकेल असा माणूस तर मीच होतो, पण त्याने मला विचारलं नाही आणि मलाही ते आठवलं नाही. आठवलं ते माझ्या हाताला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते यंत्राला सांगितलं. अगदी साध्या मराठीत लिहिलं, की आमच्याकडे पेशंटचा माणूस खाली चटई टाकून झोपतो आणि उठताना हा कोपरा धरतो. त्याने फार महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिल्याबद्दल आभार मानले, आणि मी चष्मा पुसेपर्यंत सांधा वर नेऊन कोपरा बंद केलेली नवी रेलिंग समोर ठेवली. पहिलीपेक्षाही चांगली. त्यामुळे ज्यांना या लेखात यंत्राची फजिती हवी असेल त्यांची मी निराशा करतोय. यंत्राची काही फजिती झाली नाही.

मी अंबडला गेलो. भास्करशेठनी सगळं नीट ऐकून घेतलं. स्वतःच्या डाव्या हाताची बोटं त्यांनी उजव्या मुठीत धरली. मग म्हणाले, "वाचलो. बदलून टाका. पण बघा, तुम्ही सांगितलं म्हणून त्याने बदललंच ना? म्हणूनच तर तुमची सही पाहिजे मला."

"मी हिशेबावर सही करतो, भास्करशेठ. त्या पहिल्या रेलिंगवरही मी सही केलीच असती. हिशेब बरोबर होता."

"मग?"

"मग माझी एकट्याची सही नको. टेबलावर झोपणारी पोरगीही पाहिजे. आणि साचे टाकण्याआधी पुठ्ठा."

"दर वस्तूला पुठ्ठा? दाणीसाहेब, तुम्ही लय विचार करता. स्पर्धा काय आहे बाहेर, बघताय का? तिकडं सकाळी चित्र, संध्याकाळी ऑर्डर."

"मग मला नाही जमायचं."

ते रागावले नाहीत. चहा मागवला. त्यांनी सही दुसऱ्या कुणाची तरी घ्यायची ठरवली असणार, हे मला चहा पितानाच कळलं. परत येताना मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सिग्नलला उभा होतो तेव्हा वाटत होतं, हे मी तेजलसाठी केलं की सुनंदासाठी, की फक्त हट्ट म्हणून?

तेजलला सांगितलं तेव्हा ती मान खाली घालून ऐकत होती. दोन दिवसांनी सकाळी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. बसली नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"सर, तुम्ही नाही म्हणालात ते मला आवडलं. पण मला हो म्हणायचंय."

"कशाला हो?"

"भास्करशेठच्या कामाला. काल मी गेले होते तिकडे."

मला पहिल्यांदा आला तो राग. सुनंदाच्या माघारी ज्या मुलीसाठी मी उत्पन्न सोडलं ती तेच काम घ्यायला गेली होती. मी म्हटलं, "यंत्राच्या चित्राखाली सही करायला? तू दोन्ही शिकलीस ते त्यासाठी?"

"तुम्हाला नाही म्हणणं शोभतं, सर. तुमचं नाव झालंय. मी नाही म्हटलं तर कुणाला कळणारही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "यंत्र जाणार नाहीये. त्याच्या शेजारी कुणीतरी बसणारच आहे. मग ज्याने कधी खाली झोपून पाहिलं नाही असा कुणी का बसावा?"

"आणि पुठ्ठा? मला तर ते नाही म्हणाले."

"तुम्ही तत्त्व म्हणून मागितलात. मी म्हटलं, एक बोट तुटलं तर दवाखाना पुढची ऑर्डर देईल का?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, पुठ्ठा आपल्याच पॅकिंग खात्यातला घे. विकत आणू नको."

मला हसू आलं आणि ते लपवता आलं नाही. सुनंदा हे कशी बोलली असती ते मला नेमकं ठाऊक आहे, पण तेजल तिच्यासारखं बोलली नव्हती. स्वतःसारखं बोलली होती. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर ती अंबडला रुजू झाली. ऑफिसच्या पुढच्या खोलीला मी कुलूप घातलं नाही, पण तिथे बसतही नाही. या खोलीतून त्या खोलीत हिंडत असतो. कुणी मला विचारतं, या यंत्रामुळे मुलांच्या नोकऱ्या राहतील का, आपल्या मुलीने डिझाइनला जावं की इंजिनिअरिंगला? मला खरंच माहीत नाही. आमचं अर्धं-अर्धं काम यंत्राला येतं, हे मी पाहिलं. दोन अर्ध्यांच्या मध्ये जे होतं त्याला तर धंद्यासारखंच नाव नाही, त्यामुळे त्याची नोकरीची जाहिरातही निघत नाही.

गेल्या महिन्यात तेजलचा फोन आला. बाळंतिणींच्या वॉर्डासाठी नवी खाट करायची होती.

"सर, बाळंतिणीच्या खाटेखाली कोण झोपतं? यंत्र म्हणतंय पेशंटची आई. खरं का ते?"

आम्हाला मूल नव्हतं. त्या वॉर्डात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"मी उद्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बघायला चाललेय," ती म्हणाली. "चला ना. पण तुम्हाला आत सोडणार नाहीत हं. बाहेर थांबावं लागेल."

"थांबतो की."

सकाळी ती टेप, वही आणि चटई घेऊन आत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसलो. बसवेना म्हणून उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. बाकावर पेठ तालुक्यातली एक बाई होती, मांडीवर कापडात बांधलेली भाकर. माझी ये-जा बराच वेळ पाहून तिने विचारलं, "बाबा, तुमचं कोन हाय आत? लेक का सून?"

"आमच्या इंजिनिअर बाई आहेत."

"पयली खेप हाय?"

"नाही हो. त्या कामाला आल्यात. तुमच्या खाटा नव्या करायच्यात ना, ते बघतायत."

तिने मला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि बाकावर थोडी सरकली. "मंग त्यांला सांगा, ती खाट लय उंच हाय. माह्या पोरीचा पाय भुईला टेकत नाय. उतरताना दर खेपेला मला मिठी मारती."

मी खिशातून पेन काढलं आणि परत ठेवलं. "मला सांगू नका," मी म्हटलं. "मी चुकीचं लिहून घेईन. त्या बाहेर आल्या की त्यांनाच सांगा. थांबाल का तोवर?"

"आमाला कुठं जायाचंय," ती म्हणाली, आणि भाकरीची गाठ सोडू लागली.